खालचा हात

१

साठी उलटली तरी धाकटी ती धाकटीच राहिली. थोरली बहीण जाऊन दोन हिवाळे झाले होते, हिच्याहून थोरलं असं घरात कोणी उरलंच नव्हतं, तरी जिन्यात भेटणारी माणसं हिला धाकट्या बाई म्हणत. सुरुवातीला तिला राग यायचा. मग तिने रागाचाही नाद सोडला.

घर तिसऱ्या मजल्यावर, तळाला बेकरी. रस्त्याकडच्या खोलीत बसून थोरलीने जन्मभर लोकांचे कपडे दुरुस्त केले. विजारी आखूड करायच्या, कॉलरी उलटवायच्या, चेन बदलायच्या. त्यातून उरलेली चिंधी म्हणून कधी बाहेर गेली नाही. घरातल्यांचे विटलेले शर्ट, फाटके फ्रॉक, पडद्यांच्या कडा, उशांचे अभ्रे, सगळं भिंतीतल्या कपाटात. कपाटाचं दार उघडायचं तर आधी गुडघा लावून ठेवावा लागे, नाहीतर कापडं अंगावर येत. त्या चिंध्यांच्या गोधड्या व्हायच्या, आणि त्या फक्त आपल्या माणसाला द्यायच्या. कोणाला मूल झालं की एक, कोणी घर मांडलं की एक, कोणी अंथरूण धरलं की एक. नात्यातल्या प्रत्येक घरात थोरलीची गोधडी होती.

थोरलीची म्हणत सगळे. तेच धाकटीला झोंबायचं.

बाकीच्या बायका गोधडी मांडीवर घेतात आणि वरूनच सुई आत-बाहेर करतात. यांच्या गोधडीत मध्ये जुनं ब्लँकेट घातलेलं असे, त्यामुळे ती इतकी जाड व्हायची की तिरकी सुई जायचीच नाही. म्हणून कापड टेबलाएवढ्या उंच लाकडी चौकटीवर ताणून बसवायचं. थोरली खुर्चीवर बसून सुई सरळ खाली खुपसणार. चौकटीखाली चटईवर धाकटी उताणी पडलेली. तिने ती सुई ओढून घ्यायची आणि तांदळाच्या दाण्याएवढं अंतर सोडून पुन्हा वर पाठवायची. तेव्हा कुठे एक टाका पुरा. म्हणजे हिशेबाने प्रत्येक टाका अर्धा हिचा. पण खाली वाकून बघतो कोण? पाहुणा आला आणि खाली काय हलतंय म्हणून त्याने विचारलं, की थोरली मान वर न करता सांगायची, "कोणी नाही, धाकटी आहे."

शाळेत जायच्या आधीपासून ती त्या चटईवर पडत आली होती, आणि केस पांढरे झाल्यावरही. वरून बोलायचं नाही, खालून बोलायचं नाही, बोललं की सुई चुकते. थोरली सुई टोचू नये म्हणून बोटात घातलेल्या लोखंडी अंगुस्तानाने चौकटीवर एकदा टक करायची, म्हणजे थांब. दोनदा टकटक केलं, म्हणजे चल पुढे. बहिणी-बहिणींचं निम्मं आयुष्य त्या दोन आवाजांत गेलं.

२

थोरलीचा मुलगा याच घरात वाढला. नवरा परागंदा झालेला, थोरली दिवसभर कामात, तेव्हा मुलाला भरवणं, न्हाऊ घालणं, अभ्यासाला बसवणं, तापात उशाशी बसणं हे मावशीकडे आलं. ते तिने हौसेने केलं, हे खरं सांगायला हवं. तिला स्वतःचं काही झालं नाही आणि व्हावं असंही तिला त्याच्यामुळे कधी वाटलं नाही. पुढे तो लिफ्ट दुरुस्त करायला शिकला, लग्न केलं, गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेला. आता त्याला परदेशात नोकरी लागली होती आणि बायकोला घेऊन तो कायमचाच निघाला होता.

हे सांगायला तो आला तेव्हा तिच्या काळजात काहीतरी तुटलं, पण तिने चेहऱ्यावर दिसू दिलं नाही. तोही इकडच्या तिकडच्या गप्पा करत बसला. मग सहज म्हणाला, आईची गोधडी पार विरली, तिकडे थंडी फार असते म्हणतात. आईने करून ठेवलेली एखादी कपाटात शिल्लक नाही का?

"मी करीन की," धाकटी म्हणाली.

"तुला येते?" त्याने विचारलं.

त्याच्या मनात काडीचंही वाईट नव्हतं. तिला तर तेच जास्त लागलं. ज्या गोधड्यांत हा वाढला, ज्या याच्या अंगावर रात्री तिने ओढल्या, त्यांत हिचा हात होता हे याला ठाऊकच नाही. आणि आता सांगायचं तरी कसं, मेलेल्या बहिणीची उणीदुणी काढल्यासारखं दिसायचं. त्याच दिवशी तिने मनाशी ठरवलं. एक गोधडी अशी करायची की ती बघून त्याने आपण होऊन म्हणावं, मावशी, ही तुझी. तेवढं एकदा कानांवर पडलं की मग तो खुशाल जावो.

३

तिने चिंध्या निवडल्या. त्याच्या पहिल्या शाळेच्या शर्टाची पाठ, गुडघ्यावर फाटलेली निळी विजार, तो ज्याला घाबरायचा त्या वाघाच्या चित्राचा पडदा. थोरली रंग बघून तुकडे जुळवायची. धाकटीने माणूस बघून जुळवले. तुकडे मशीनवर जोडून, मध्ये ब्लँकेट आणि खाली जुनी चादर घालून तिने ते सगळं चौकटीवर ताणलं आणि थोरलीच्या खुर्चीत बसली.

एकटीने ते काम म्हणजे शिक्षाच. उजवा हात वर, डावा हात चौकटीखालून घालायचा, सुई चाचपडत शोधायची, अंदाजाने वर टोचायची. खांदा भरून यायचा. टाके वाकडे पडायचे, ती उसवायची, पुन्हा घालायची. सकाळभर बसून वीतभर ओळ होईना. या वेगाने तो तिकडे जाऊन म्हातारा झाला असता.

एका सकाळी ती अशीच बसली होती. ऊन चौकटीच्या कडेवर आलं होतं, खालून पावाचा वास येत होता. तिने सुई खाली खुपसली आणि घसरलेला चष्मा वर करायला डावा हात नाकाशी नेला.

सुई वर आली.

दाण्याएवढ्या अंतरावर, सरळ, टोक वर करून उभी. धाकटी चष्म्याला धरलेल्या आपल्या डाव्या हाताकडे बघत राहिली. मग तिने दोरा ओढला. टाका घट्ट बसला होता.

तिने स्वतःची समजूत घातली. इतक्या वर्षांची सवय, हात गेला असेल आणि परत आला असेल, आपलंच लक्ष नव्हतं. जाड कापड आहे, ताणलेलं आहे, सुई उलटली असेल. सुई आपोआप उलटत नाही हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक? तरी तिने ते खरं धरलं. खाली वाकून बघितलंही. चटई होती, गळलेल्या दोऱ्यांचे तुकडे होते, बाकी काही नव्हतं. तिने पुन्हा सुई घातली आणि या खेपेला डावा हात मुद्दाम मांडीवर ठेवला.

सुई वर आली.

४

कोणी दुसरी असती तर चपला पायात अडकवून खाली पळाली असती. धाकटीही उठली. दारापर्यंत गेली, कडीला हात घातला. पण खाली जाऊन सांगणार काय, आणि कोणाला? शिवाय चौकटीवरची ती ओळ तिला तिथूनही दिसत होती. इतकी सरळ ओळ तिला एकटीला आठवड्यात जमली नव्हती. त्याच्या निघायच्या आधी गोधडी पुरी होऊ शकेल असं पहिल्यांदाच वाटत होतं. ती परत येऊन बसली.

दोन-तीन दिवसांनी बेकरीवाली पाव घेऊन वर आली. तिचे गुडघे दुखत, एरवी ती वर येत नसे. दारातच उभी राहून ती म्हणाली की बरं वाटलं, वर पुन्हा काम सुरू झालं. किती दिवसांनी तो टकटक आवाज ऐकला, ताई होत्या तेव्हासारखा.

धाकटीने पावाची पिशवी घेतली. अंगुस्तान ती कधी घालत नसे, तिच्या बोटात ते सैल व्हायचं. थोरली गेली तेव्हा ते कोणाच्या तरी हाताला लागून हरवलंही होतं. आवाज नक्की आमच्याच घरातून येतो का, असं तिने विचारलं. बेकरीवाली म्हणाली, माझ्या डोक्यावर दुसरं कोण राहतं?

बेकरीवाली गेल्यावर तिने खोलीत येऊन कान दिला. रस्त्यावर कोणीतरी शटर वर करत होतं. नळ ठिबकत होता. चौकट गप्प होती. म्हातारीच्या कानांत काहीही वाजतं, असं म्हणून तिने विषय संपवला. बेकरीवाली तिच्याहून लहान होती, हे तिला नंतर आठवलं.

५

खाली कोण आहे हे तिने स्वतःशी कधी उच्चारलं नाही. पण माणसाला काय कळायचं ते कळतंच. आणि कळलं तेव्हा भीतीच्या जागी धाकटीच्या मनात भलतंच काही आलं. तिला बरं वाटलं.

बस आता खाली, ती म्हणाली. मोठ्याने नाही, ओठांतल्या ओठांत. बघ तिथून कसं दिसतं. चादरीचे धागे मोजत पड. डोळ्यांत कचरा पडला तर पुसायचा नाही, हात रिकामा नसतो. लग्नघरी सगळे जेवायला बसले तरी गोधडी पुरी व्हायची आहे म्हणून पडून राहायचं. मी राहिले होते.

मग ती भरभर टाके घालू लागली. खालच्याला दम खायला वेळ मिळू नये इतक्या भरभर. कधी सुई निम्मी घालून थांबायची, कधी एकदम जोरात खुपसायची, थोरली चिडली की करायची तशी. सुई दर वेळी वर यायची, ना उशीर ना चूक. हे काम आपण जितकं चांगलं करत होतो त्याहून खालचा हात सरस आहे, हे तिच्या लक्षात आलं आणि ती आणखी चिडली. इथेही हिनेच वरचढ व्हायचं का?

एका दुपारी तिने सुई अशी काही मारली की चौकट हलली. वर आली तेव्हा सुईच्या टोकाला लाल होतं. वाघाच्या पडद्यावर एक बारीकसा ठिपका उमटला.

धाकटीने तो ठिपका थुंकी लावून चोळला. आपण थांबायला हवं, खाली बघायला हवं, निदान माफ कर म्हणायला हवं, हे तिला कळत होतं. माफ करायचं कोणी कोणाला, असंही वाटत होतं. तिने बोटं आपल्या गाऊनला पुसली आणि पुढचा टाका घातला.

६

ज्या दिवशी तो गोधडी न्यायला येणार होता त्या दिवशी मधला एकच चौकोन शिल्लक होता, शाळेच्या शर्टाच्या पाठीचा. न्याहारी करून ती बसली. थोडेच टाके, मग काठ दुमडायचा, की झालं. मनात ती त्याचा चेहरा बघत होती. तो हात फिरवेल. विचारेल, कोणी शिकवली तुला? मग ती सांगेल सगळं, शांतपणे, आवाज न चढवता.

तिने सुई खाली घातली. सुई आली नाही.

ती थांबली. दोरा खाली सैल लोंबत असावा, वर नुसती शेपटी उरली होती. तिने डावा हात खाली घालून चाचपडलं. हाताला चादर लागली, हवा लागली. सुई कुठे सापडेना. तिने चौकटीवर बोटाच्या पेराने दोनदा टकटक केलं. काही नाही. तिला दरदरून घाम फुटला, आणि तो भुताखेताच्या भीतीने नव्हता. आता तो येईल आणि मध्येच भोक पडल्यासारखी अर्धवट गोधडी बघून म्हणेल, राहू दे मावशी, तुला कुठे जमायला.

"ताई," ती म्हणाली. "एवढं पुरं करू दे मला. त्याच्यासाठी आहे."

रस्त्यावरून सायकल गेली. नळ ठिबकला.

मग तिने मोजे आणि चपला खुर्चीशीच काढल्या, कारण मोजे चटईवर घसरत, आणि चौकटीची कड धरून गुडघे टेकले. खाली वाकताना तिने डोळे मिटून घेतले होते. उघडले तेव्हा खाली कोणीच नव्हतं. सुई दोऱ्याच्या टोकाला टांगलेली होती आणि जरा हलत होती.

७

ती चटईवर उताणी झाली. पाठीला ती जागा ओळखीची होती, खांद्याच्या हाडाने आपला खळगा बरोबर शोधला. डोक्यावर चादर, चादरीवर उलट्या बाजूचे टाके. एकसारखे होते. तिने सुई पकडली. खालून वर पाठवायची, मग बाहेर यायचं, वर बसून ओढून घ्यायची, एवढंच तर होतं. तिने दाण्याएवढं अंतर सोडून सुई वर टोचली.

दोरा सळसळत वर गेला आणि ताणला. कोणीतरी टाका घट्ट केला.

धाकटी हलली नाही. डोक्यावरच्या चादरीला वरून एक फुगवटा आला, तळवा टेकावा तसा, आणि तिच्या चेहऱ्याच्या वर येऊन थांबला. मग सुई खाली आली. धाकटीच्या हाताने ती घेतली आणि वर दिली. मागाहून तिला कळलं की आपण दिली.

तिने मान वळवली. चौकटीची कड आणि जमीन यांच्या मधल्या फटीतून खुर्ची दिसत होती. खुर्चीखाली चपला होत्या, तिच्याच. त्यांत मोजे, टाचेला रफू केलेले, तेही तिचेच. आत पाय होते. त्या खुर्चीत धाकटीचे पाय कधी नीट जमिनीला लागत नसत. हे पाय अख्खे टेकलेले होते.

दाराची किल्ली फिरली. त्याच्याकडे घराची किल्ली होती. त्याचे बूट आत आले, दाराशी जरा थबकले, मग स्टूल ओढल्याचा आवाज झाला आणि बूट चौकटीसमोर येऊन बसले. इतके जवळ की तिला एका नाडीचं सुटलेलं टोक दिसलं.

"उठू नकोस, मावशी. चालू दे तुझं," तो म्हणाला.

तिने तोंड उघडलं. तो वर बोलतच होता. जुनी विरलेली गोधडी तो बरोबर घेऊन आला होता, ती त्याने बहुतेक चौकटीवर पसरली, कारण खाली उजेड आणखी कमी झाला. वरून कापडावर हात फिरल्याची सळसळ आली. मग त्याचा आवाज आला, आणि तो आवाज तिने तो लहान असताना ऐकला होता, आजारपणातून उठल्यावरचा.

"हे बघ. ही जुनी आणि ही नवी. टाका एकच आहे गं. म्हणजे त्यासुद्धा तूच करत होतीस ना? आईची आईची म्हणून आम्ही जन्मभर पांघरल्या, आणि कोणाला कधी सुचलं नाही. ही तुझी आहे, मावशी. तिकडे कोणी विचारलं तर हेच सांगणार. माझ्या मावशीच्या हातची."

"अरे," धाकटी म्हणाली. "मी इथंय."

ब्लँकेट, चादर, वर दुसरी गोधडी. तिला स्वतःचाच आवाज कसाबसा आला. बूट जरासे हलले.

"काही म्हणालीस?" त्याने विचारलं. वरून काय उत्तर गेलं ते तिला ऐकू आलं नाही. तो हसला, घरातल्या माणसाशी हसतात तसा, मोकळा.

तिने हात लांब केला. नाडीचं टोक वीतभर अंतरावर होतं. तेवढं धरून ओढलं असतं तर तो वाकला असता, त्याने बघितलं असतं. बोटं जवळजवळ पोचली होती, आणि तेवढ्यात सुई खाली आली, तिच्या गालाशेजारी, आणि तशीच वाट बघत राहिली. हा शर्टाच्या पाठीवरचा टाका होता, अगदी मधला. सोडला असता तर सैल पडला असता, आणि उद्या तिकडे, लांब, कोणीतरी त्याच्यावर बोट ठेवून विचारलं असतं की मावशीच्या हातून हा एवढा कसा चुकला.

तिने हात मागे घेतला, सुई धरली, दाण्याएवढं अंतर सोडलं आणि ती वर पाठवली.